विजेच्या हिशेबातले पाणी

नवीकरणीय ऊर्जेचा पुरस्कार करताना आपण विद्युत अभियंते बहुधा कार्बनच्या टनांतच बोलतो, आणि कोळशावरील विजेच्या दर युनिटामागे सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात मिसळत असता व देशी कोळशाची तीस ते चाळीस टक्के राख कोठेतरी साठवावी लागत असता ते उचितही आहे. तथापि महाराष्ट्राच्या, त्यातही मराठवाड्याच्या, दृष्टीने या ऊर्जेचा जो लाभ सर्वाधिक निकडीचा, तो पाण्याच्या बचतीचा लाभ आपल्या प्रकल्प अहवालांत अभावानेच नमूद होतो.

परळीचे औष्णिक केंद्र २०१३ च्या आरंभी आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले, ते कोळसा संपला म्हणून नव्हे, तर पाणी संपले म्हणून. शीतकरण मनोऱ्यातून वाफ होऊन गेलेले पाणी नदीला परत मिळत नाही, आणि ज्या खोऱ्यात उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात तेथे ही तूट लहान मानता येणार नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांना घालून दिलेली मर्यादाच मुळी दर युनिटाला साडेतीन लिटरची होती. पवनचक्कीला वीजनिर्मितीसाठी पाणी लागत नाही. सौर पॅनेलला लागते ते धुण्यापुरते. १ मेगावॉटचा सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाला सुमारे १५ लाख युनिट वीज देतो, आणि युनिटाला ३ लिटर इतकाच हिशेब धरला तरी ४५ लाख लिटर पाणी धरणात राहू शकते.

राहू शकते, एवढेच. कारण दुपारी सूर्याची वीज वाहिनीवर येत असता औष्णिक संच आपला भार खाली आणणार नसेल, तर ही बचत कागदावरच राहील. म्हणूनच कृषिपंपांचा भार रात्रीतून दिवसा आणण्याची तजवीज हे पर्यावरणाचेच कार्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जागेविषयीही तीच दक्षता हवी: महसूल दप्तरी पडीक म्हणून नोंदलेली माळराने लांडग्यांची, तणमोरांची आणि मेंढपाळांची असतात, त्याआधी छपरे, कालव्यांचे काठ आणि उपकेंद्रांलगतच्या मोकळ्या जागा पाहाव्यात.

आपल्या पुढील प्रकल्प अहवालात वाचकांनी पाण्याचा एक रकाना अवश्य घालावा, आणि त्यातील प्रत्यक्ष मोजलेले आकडे आमच्याकडे पाठवावेत. ते या मासिकात आम्ही अगत्याने छापू.