दार लावून घेणाऱ्यांसाठी

परवा आपल्याच बैठकीत एक शिकलेला दोस्त मला म्हणाला, "धुळीला जात नसते रे. हा सेफ्टीचा प्रश्न आहे, चळवळीचा नाही." टाळ्या पडल्या नाहीत, पण माना हलल्या. त्या हललेल्या मानांसाठी हे लिहितोय.

माझा मामेभाऊ किचनचे ओटे कापतो. आधी ग्रॅनाइट कापायचा, आता क्वार्ट्झ. सहा माणसांचा गाळा. शटर अर्धं खाली, कारण शेजारचे दुकानदार धुळीची तक्रार करतात. सिंकचं भोक कोरडंच कापायचं. पाणी मारलं तर चिखल होतो, आखलेली रेघ दिसत नाही, वेळ जातो, आणि वेळ मालकाच्या बापाचा. तोंडाला रुमाल. संध्याकाळी भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. त्याची पोरगी हसते, पप्पा म्हातारे झाले म्हणते. पप्पा चौतीस वर्षांचा आहे आणि दोन जिने चढला की खरोखरच म्हाताऱ्यासारखा बसतो. डॉक्टरने टीबी लिहिला. थुंकीत जंतू सापडला नाही तरी सहा महिने गोळ्या चारल्या. काम काय करतोस, हा एक फुकटचा प्रश्न कुणी विचारला नाही.

हा क्वार्ट्झ डोंगरातून निघालेला दगड नाही. दगडाचा चुरा रेझिनमध्ये कालवून, दाबून, भाजून केलेली लादी आहे. संगमरवरात सिलिका नाममात्र, ग्रॅनाइटमध्ये तीस टक्क्यांच्या आसपास, या लादीत नव्वद आणि वर. ब्लेड फिरलं की जी धूळ डोळ्याला दिसते ती कमी घातक. न दिसणारी धूळ फुप्फुसाच्या तळाला जाऊन बसते. तिला गिळायला आलेल्या शरीराच्या पेशी स्वतःच मरतात, तिथे वण धरतो, वणावर वण. फुप्फुस घट्टे पडलेल्या हातासारखं होतं. याचं नाव सिलिकोसिस. याला औषध नाही. टीबी त्याच्या पाठोपाठ येतो, म्हणून कागदावर टीबी राहतो आणि दगड सुटतो.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ही लादी बनवणं, विकणं, कापणं, बसवणं बंद केलं. पाणी, एक्झॉस्ट, मास्क असे नियम तिथे आधीच होते. तरी पोरं आजारी पडत राहिली, म्हणून बंदी. आणि आपल्याकडचे मालक अजून वीस रुपयांचा मास्क दाखवून उपकार सांगतात!

आता धुळीच्या जातीचं बोलू. कॅलिफोर्नियात असे ओटे कापणाऱ्या ५२ रुग्णांची पाहणी २०२३ साली छापून आली. ५२ पैकी ५१ जण लॅटिन अमेरिकेतून पोटासाठी आलेले. दहा मेले. आपल्या देशात गोध्राकडच्या क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत कोण मेलं? अलिराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी. ओटे नव्हते, पण भुकटी तीच. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने २३८ मृतांच्या घरच्यांना तीन-तीन लाख द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. एका छातीचे तीन लाख. आणि आपल्या गावात दगड फोडायला पिढ्यान्‌पिढ्या वडारच का? जोशी-कुलकर्ण्यांच्या हातात कधी घण बघितला?

धूळ आंधळी आहे, कबूल. पण तिच्या तोंडासमोर कुणाला उभं करायचं हे ठरवणारा डोळस आहे.

कायदा? कायद्याच्या यादीत सिलिकोसिस आहे, सरकारला कळवायलाच हवा असा रोग म्हणून. पण कायद्याला कारखाना दिसायला हवा ना! १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा कामगार पुरत, २०२० च्या संहितेत वीस लागतात. आमच्या गाळ्यात सहा. म्हणजे सहा जण मेले तरी कारखाना मेला नाही, कारण तो जन्मलाच नव्हता.

आणि आता माझं. २०२१ साली मी कर्ज काढून फ्लॅट घेतला. बायकोला पांढरा ओटा हवा होता, खरं सांगायचं तर मलाही. ओटा मामेभावानेच कापला, माझ्या गॅलरीत, कोरडा. मी त्याला चहा दिला, आणि धूळ बाबासाहेबांच्या फोटोवर बसेल म्हणून गॅलरीचं दार लावून घेतलं. तो बाहेर, धूळ बाहेर. आत मी, फोटो आणि ईएमआय. ते दार लावणारा मी तेव्हा कुठल्या जातीचा होतो, दोस्ता, सांग!

७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांनी मुंबईत कामगारांचा संप पुकारला. हा गिरण्यांचा प्रश्न आहे, जातीचा नाही, असं म्हणून ते घरी बसले नव्हते.

म्हणून मागणी सरळ आहे. कोरडी कटाई आजपासून बंद. दगडाच्या धुळीत काम करणाऱ्या प्रत्येकाचा एक्स-रे फुकट, आणि रोगाचं नाव कागदावर खरं. राजस्थानने २०१९ साली अशा रुग्णांसाठी मदतीचं धोरण केलं, ते इथल्या गाळ्यातल्या माणसालाही पाहिजे. सहा माणसांचा गाळाही कायद्यात आणा. आणि शेवटी ही लादीच बंद.

भाषणं खूप झाली. येत्या रविवारी वही-पेन घेऊन गाळ्या-गाळ्यांत जायचंय. नाव, वय, किती वर्षं कापतो, खोकला कधीपासून, टीबीच्या गोळ्या किती वेळा खाल्ल्या. एवढं लिहून आणायचं. बैठकीत मान हलवणाऱ्या त्या दोस्तानेही यावं. माझा मामेभाऊ येईल. जिना चढताना त्याच्या बरोबरीने हळू चालायचं, एवढंच.

जयभीम.