हार घालण्याआधी ब्रेक दाबा

गणपतीला चाकरमानी गावी पोहोचतो, पिशव्या ओटीवर ठेवतो आणि चहा व्हायच्या आत पडवीकडे वळतो. तिथे मे महिन्यात ताडपत्री घालून दोरीने आवळलेली मोटरसायकल उभी असते. ताडपत्री निघते, कोळिष्टकं झटकली जातात, आठ-दहा किका बसतात आणि इंजिनाने आवाज दिला की सगळ्या घराला हायसं वाटतं. पाच मिनिटांत गाडी बाजाराच्या रस्त्याला लागलेली असते. मागे भाचा, हँडलला पिशवी. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत हेच महिनाभराने, नवरात्रात घडतं. पावसाळाभर कव्हराखाली असलेल्या गाड्या धुतल्या जातात, परदेशी शिकायला गेलेल्या मुलाची गाडी बाबा सहा महिन्यांनी चालू करून बघतात. या सगळ्या ठिकाणी गाडीची परीक्षा एकच असते, ती चालू झाली का? माझ्या मते ही परीक्षाच चुकीची आहे. इंजिन हा गाडीतला सगळ्यात बोलका भाग आहे. त्याला काही झालं तर ते चालूच होत नाही, धूर काढतं, आचके देतं. त्याच्या तक्रारीमुळे माणूस घरीच राहतो. ब्रेक, टायर, चेन आणि वायरी मात्र उभ्या गाडीत मुकाट असतात. त्यांचं दुखणं कळतं ते वेगात असताना, पुढे कुणीतरी आडवं आल्यावर.

थंड देशांत या गोष्टीला कॅलेंडरवर जागा आहे. जर्मनीत १९९७ पासून मोसमी नंबरप्लेट मिळते. एप्रिल ते ऑक्टोबर असे महिने त्या प्लेटवरच छापलेले असतात आणि उरलेल्या काळात गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आपल्याकडे लेह-मनाली रस्ता बर्फाने बंद झाला की लडाखमधल्या कित्येक मोटरसायकली वसंतापर्यंत तशाच झाकून ठेवलेल्या असतात. तिथे गाडी ठेवून देणं हे ठरवून केलेलं काम आहे, म्हणून ती बाहेर काढणं हेही काम मानलं जातं. महाराष्ट्रात गाडी कुणी ठेवून देत नाही, ती नुसती उभी राहते. पाऊस म्हणून लोकलने गेलो, मग ताप आला, मग राहिलंच, असं करत चार महिने जातात. ठेवलीच नाही तर बाहेर काढण्याचा विधी कुठून येणार? आणि आपला पावसाळा लोखंडाला सोपा नाही. ओल, ऊब आणि किनाऱ्यावर खारा वारा असा तिहेरी मारा जून ते सप्टेंबर सुरू असतो. वरून प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधली की आतली वाफ आतच राहते. पावसापासून वाचवलेली गाडी बऱ्याचदा घामाने भिजलेली असते.

पुढच्या डिस्क ब्रेकचंच बघा. उजव्या हाताच्या लिव्हरपाशी छोटी डबी असते आणि तिला एक लहानशी काच असते. आतलं ब्रेक ऑइल नवं असताना फिकट मधासारखं दिसतं, जुनं झालं की चहासारखं. हा रंग बदलतो तेव्हा त्यामागे बरंच काही घडलेलं असतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, तो त्याचा स्वभावच आहे. डीओटी ४ या प्रकारचं कोरं ऑइल २३० अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये असं मानक सांगतं. तेच ओलावलेलं असलं तर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. कुंभार्ली किंवा आंबोली घाट उतरताना ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला जातो, पॅड तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते. पाण्याची वाफ झाली की लिव्हर स्पंजासारखी मऊ लागते, कारण द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. लिव्हर मुठीला टेकते आणि गाडी थांबत नाही. गावातल्या सपाट रस्त्यावर याच गाडीने कधी कुरकुर केलेली नसते. म्हणून हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं असं बहुतेक कंपन्यांची पुस्तिका सांगते, गाडी कितीही कमी चाललेली असो.

मागचा ब्रेक बहुतेक साध्या गाड्यांना ड्रमचा असतो, आणि उभ्या गाडीत तो आणखी फसवा. पायाने पट्टी दाबली की एक लहान कॅम फिरतो आणि आतले लायनर ड्रमला टेकतात. ओल लागून हा कॅम गंजला की तो फिरतो खरा, पण परत येत नाही. लायनर अर्धवट टेकलेले राहतात, ड्रम तापतो, गाडी ओढत चालल्यासारखी वाटते, आणि चालवणारा म्हणतो, उभी होती ना, म्हणून जड झालीय. हे तपासायला हत्यार लागत नाही. गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा, ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा फिरवा. पहिल्याइतकंच मोकळं फिरलं पाहिजे. त्याच वेळी चेनकडे नजर जाईल. एखादी कडी गंजून वाकडी अडकली असेल तर चाक फिरताना चेन तिथे उचलल्यासारखी दिसते. तेल घालून, हलवून ती कडी मोकळी होत नसेल तर ती चेन गेली. हे काम इंजिन बंद ठेवूनच करायचं. चालू गाडीत फडक्याने चेन पुसताना माणसांची बोटं गेलेली आहेत.

टायरबद्दल गैरसमज मोठा आहे. नक्षी शाबूत आहे, गाडी फारशी चाललेलीच नाही, म्हणजे टायर नवा, असं धरलं जातं. रबर न चालताही म्हातारं होतं; हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करत राहतात. टायरच्या कडेला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. ते आकडे वाचा, आणि टायर जिथे जमिनीला टेकून होता तो भाग वर घेऊन कडेला अंगठ्याने दाबा. बारीक चिरा असतील तर उघडतील. हवा तर कमी झालेली असतेच, ती डोळ्यांना दिसत नाही. चाक बसलेलं वाटत नाही म्हणून हवा बरोबर आहे असं ठरवणं म्हणजे कपाळाला हात न लावता ताप नाही म्हणण्यासारखं आहे. गेजने मोजा, आणि सकाळी, टायर थंड असताना मोजा.

इथे एक माणूस हमखास म्हणतो, मी दर रविवारी गाडी पाच मिनिटं चालू ठेवतो, मला हे लागू नाही. त्याचा हेतू चांगला आहे, परिणाम उलटा होतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी पुरेशी चालली तर सायलेन्सर तापतो आणि ती वाफ निघून जाते. पाच मिनिटांत तो कोमटच होतो, मग पाणी आतच जमतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. थोडं पाणी इंजिन ऑइलमध्येही उतरतं. बॅटरीचं तर नुकसानच. स्टार्टरने एका झटक्यात घेतलेला करंट जागेवरच्या पाच मिनिटांत परत भरून येत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस ६ आल्यावर नव्या गाड्यांत इंजेक्शन आलं, पेट्रोलचा पंपही बॅटरीवर चालू लागला, म्हणून बॅटरी झोपली की किकचाही भरवसा राहत नाही. भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली असेल तर ती रिकामी समजा. चालू ठेवायचीच असेल तर पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर चालवा. नाहीतर बॅटरीची वायर काढून ठेवा आणि टाकी भरून ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत ओलसर हवेला जागाच जागा असते. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिनाकडे पेट्रोल जातं ते तळातूनच. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने कापूस भरला आहे का, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं आहे का, सीटखालची वायर कुरतडली आहे का, हेही किक मारण्याआधी बघावं.

गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि त्याला पुराव्याचा आधार आहे. अपघात माणसाच्या चुकीने होतात, यंत्राच्या नव्हे, असं अभ्यासक म्हणतात. मोटरसायकल अपघातांचा सर्वांत गाजलेला अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधले सुमारे ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले होते. गाडीतला बिघाड हे कारण त्यांत ३ टक्क्यांपेक्षाही कमी वेळा सापडलं. मग एवढा आटापिटा कशाला? पण त्याच अहवालात पुढे लिहिलं आहे की त्या थोड्या अपघातांतले बहुतेक टायर अचानक बसल्याने ताबा सुटून झाले. म्हणजे इंजिनाने दगा दिला नव्हता, टायरने दिला होता. दुसरं, संकटाच्या क्षणी बहुतेकांनी मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवलं आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही, असंही त्यात नोंदलं आहे. ही चूक माणसाच्या खात्यावर पडते, आणि पडायलाही हवी. पण ज्याची पुढची लिव्हर मऊ आहे, ज्याला तिचा भरवसा वाटत नाही, तो पायाकडेच वळणार. ब्रेकची पकड निम्मी झाली की थांबायला लागणारं अंतर दुप्पट होतं. ताशी ६० च्या वेगात २० मीटरमध्ये थांबणारी गाडी ४० मीटर घेते. ती समोरच्या टेम्पोवर आदळली तर पंचनाम्यात बेदरकारपणा लिहिला जाईल, जुनं ब्रेक ऑइल लिहिलं जाणार नाही. ब्रेक तुटला तरच तो बिघाड म्हणून मोजला जातो. अर्धा चालणारा ब्रेक कुठल्याच रकान्यात बसत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. त्यांतल्या किती जणांच्या गाड्या अर्ध्या ब्रेकच्या होत्या, हे त्या आकड्यातून कळत नाही.

खर्चाचा मुद्दा मी हलका मानत नाही. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला सर्व्हिसिंगचं बिल जड जातं. पण वर सांगितलेल्यातलं बहुतेक काम बघण्याचं आहे, आणि बघायला पैसे पडत नाहीत. ब्रेक ऑइलची बाटली शे-दोनशे रुपयांची. उलट आज सर्व्हिसिंगवर जो पैसा जातो त्यातला बराचसा धुण्यात, पॉलिशमध्ये आणि इंजिन ऑइलमध्ये जातो, कारण गिऱ्हाइकाला तेच दिसतं. गाडी चकचकीत आली की समाधान होतं. मेकॅनिकला दोष देऊन उपयोग नाही, तो विचारलेलंच करतो. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं, लायनर उघडून बघितले का, हे दोन प्रश्न विचारा. काम वेगळं होईल.

आणि यासाठी नवा दिवस शोधायची गरजही नाही. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतो. पावसाळा नुकताच सरलेला असतो, पुढे दिवाळीचा प्रवास असतो, हाती रिकामी सकाळ असते. हत्यार पुजण्यामागे ते पारखून, परजून घेणं आलंच. तेवढंच गाडीच्या बाबतीत करायचं. आयटीआयची मोटर मेकॅनिकची मुलं सोसायट्यांत आणि गावच्या चावडीवर एका सकाळी बोलावता येतील. पन्नास गाड्यांची चाकं फिरवून बघितली तर मुलांना सराव होईल आणि गाडीवाल्यांना आपली गाडी कळेल. त्याच वेळी कागदही काढावेत. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा येतो, त्यामुळे तो संपतो कधी हे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.

पहिली फेरी एकट्याने मारावी, डबलसीट नको. पहिला गिअर टाकताना पुढचा ब्रेक धरून ठेवावा, कारण महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या क्लचप्लेटा चिकटलेल्या असतात आणि गाडी उडी घेऊ शकते. मोकळ्या रस्त्यावर ताशी २० च्या वेगात दोन्ही ब्रेक दोन-चारदा दाबून बघावेत; डिस्कवरचा तांबूस थर तेवढ्याने निघतो, आणि धुताना आत गेलेलं पाणीही. परत आल्यावर गाडीखाली वर्तमानपत्र पसरून अर्धा तास जाऊ द्यावा आणि त्यावर तेलाचा किंवा पेट्रोलचा थेंब पडला आहे का ते बघावं. मग हार घालावा, दोऱ्याचं लोंबतं टोक पुढच्या चाकात जाणार नाही असा, हेडलाइटच्या वर, आखूड बांधून.