वखारीतला खकाणा आणि गालातली पेशी

निपाणीच्या वखारीत बायका तंबाखू कुटतात, चाळतात, तेव्हा खकाणा, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ, उठतो. नाकावर पदर घट्ट बांधला तरी तो आत जातोच. किती आत, हे पाहायला पेशीपर्यंत जावे लागते.

माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात, हे त्जिओ आणि लेव्हान यांनी 1956 साली जगापुढे मांडले. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघते आणि दोन्ही प्रती चिकटून राहतात. पेशीच्या दोन टोकांकडून आलेले सूक्ष्म धागे त्यांना धरतात. पेशी 46 मोजत बसत नाही. प्रत्येक जोडीला धागा लागला का, एवढेच पाहते. एक जोडी जरी सुटी राहिली, तरी तिथून ‘थांबा’ असा रासायनिक निरोप निघतो आणि अख्खे विभाजन अडते. शेवटची जोडी धरली गेली की मगच दोन्ही प्रतींना जोडणारी चिकटपट्टी कापली जाते.

या पहाऱ्यात फट आहे. एकाच प्रतीला दोन्ही टोकांचे धागे लागले, तर इशारा उठत नाही आणि ती प्रत मध्येच रेंगाळू शकते. अशा मागे राहिलेल्या गुणसूत्राभोवती, किंवा तुटलेल्या तुकड्याभोवती, वेगळे चिमुकले केंद्रक तयार होते. गालाच्या आतून पेशी खरवडून रंगवल्या, की ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ना सुई, ना रक्त.

खकाण्याशी याचा संबंध असा: तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या बिडी उद्योगातल्या कामगारांमध्ये गुणसूत्रांच्या विकृती वाढलेल्या आढळतात, हे मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील महिमकर आणि भिसे यांनी 1995 सालीच प्रसिद्ध केले.

निपाणी लढायला कधी कचरलेली नाही. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, गोळीबारात माणसे गेली. वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली, संप केला. ‘युगांतर’ या चित्रपटगटाने त्यावर 1982 मध्ये चित्रपट काढला. भावासाठी आणि मजुरीसाठी झालेल्या या लढ्यांइतकीच निकड आता खकाण्याच्या प्रश्नाला हवी.

बेळगावात 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून निपाणीला वर्षातून एकदा पथक यावे, बायकांच्या गालातल्या पेशी तपासाव्यात. या तपासणीने कर्करोगाचे निदान होत नाही, पण धूळ कुठल्या वखारीत जास्त बाधते याचा अंदाज येऊ शकतो, आणि हवा ओढून घेणारी यंत्रे आधी कुठे बसवायची ते ठरवता येते. अहवाल मराठीत आणि कन्नडमध्ये त्या बाईच्याच हाती द्यावा. तो आधी मालकाकडे गेला, तर काम जाईल या भीतीने पुढच्या वर्षी कुणी तपासायला येणार नाही.