इजेची भरपाई व दाव्याची मुदत

आपल्या घरांतून तारखा जपण्याची संवय एकंदरीनें चांगली आहे. विम्याचा हप्ता केव्हां भरावयाचा, मुलाच्या परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस कोणता, घरपट्टीवर सूट कधींपर्यंत मिळते, हें घरांतील कोणी ना कोणी लक्षांत ठेवतोच. परंतु दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळें घरांतील माणसाचा हात मोडला, पाय अधू झाला, किंवा दुर्दैवानें त्याहूनही वाईट ओढवलें, तर भरपाई मागण्याच्या हक्कालाही एक शेवटचा दिवस असतो, ही गोष्ट मात्र सुशिक्षित कुटुंबांतही फारशी कोणाच्या गांवीं नसते. म्हणून या महिन्याचें लेखन आम्ही त्याच विषयास देत आहों.

मुदतीची कल्पना परकीयांनीं आपल्याकडे आणली, असें कित्येकांस वाटतें. तें पूर्णपणें खरें नव्हे. धन्याच्या डोळ्यांदेखत, आणि तो कांहीं बोलत नसतां, दुसऱ्यानें त्याची जमीन वीस वर्षें व इतर धन दहा वर्षें उपभोगलें तर धन्याचा हक्क बाधित होतो, असें याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत सांगितलें आहे. लगेच पुढें ठेव, शिवेचा वाद, जड व बालक यांचें धन इत्यादि अपवादही दिले आहेत. इतकेंच नव्हे, तर साहस, चोरी, पारुष्य अशा प्रकरणांत वाद तत्काळ चालवावा, इतरत्र काळ इच्छेप्रमाणें द्यावा, असा भेदही स्मृतिकारांनीं केला आहे. शरीरास झालेल्या इजेच्या बाबतींत त्यांतील मर्म सहज पटण्यासारखें आहे. जखम भरून येते, साक्षीदार गांव सोडून जातो, पाहिलेलें व ऐकलेलें यांची स्मरणांत गल्लत होते. काळ जाईल तसतसें सत्य शोधणें कठीण होतें. आणि ज्यावर आरोप त्यासही जन्मभर टांगतें ठेवणें न्यायाचें नव्हे.

आतां आजचा कायदा पाहूं. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यांत शरीरास झालेल्या इजेच्या दाव्यास एकच वर्ष होतें. सध्यांचा १९६३ चा कायदा १ जानेवारी १९६४ पासून अमलांत आला. त्यांत या इजेची निराळी नोंद ठेवलेली नाहीं. त्यामुळें असा दावा ११३ व्या सर्वसाधारण नोंदींत येतो आणि त्यास तीन वर्षें मिळतात. मृत्यु झाला असेल तर मात्र १८५५ च्या प्राणघातक अपघातांच्या कायद्याखालीं वारसांनीं आणावयाच्या दाव्यास मृत्यूच्या दिवसापासून दोनच वर्षें आहेत. दुःख अधिक तेथें मुदत कमी, असा हा उलटा न्याय आम्हांस खटकतो. पण कायदा आहे तो असा आहे.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली अशी कीं, मुदत टळलेला दावा प्रतिवादीनें तक्रार केली नाहीं तरी न्यायालयानें स्वतः होऊन काढून टाकावयाचा असतो. तिसरें कलमच तसें सांगतें. दुसरी अशी कीं, सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेण्याची पांचव्या कलमांतील सोय अपिलांस व अर्जांस आहे, मूळ दाव्यास नाहीं. शेवटच्या दिवशीं न्यायालय बंद असेल तर उघडतांच पहिल्या दिवशीं दावा दाखल करतां येतो, एवढीच सवलत.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतील धाकट्या सूनबाईंच्या हातावर शेजारच्या बांधकामाच्या परांचीची फळी पडली. मनगटाचें हाड दोन ठिकाणीं मोडलें. शस्त्रक्रिया झाली, तरी उजव्या हाताची मूठ पूर्वीसारखी वळेना. बांधकामाचा मालक सज्जनपणानें येई, फळें आणी, आणि "आधीं वहिनींना बरें वाटूं द्या, मग आपण घरच्या घरीं बसून ठरवूं," असें म्हणे. घरांतील वडील मंडळींसही शेजाऱ्यावर कोर्टांत जाणें प्रशस्त वाटेना. असें करतां करतां तीन वर्षें व वर दोन महिने गेले. मग फळें बंद झालीं. वकिलांनीं कागद पाहिले, बोटांवर महिने मोजले, आणि ते परत केले. त्या बाईंनीं पूर्वी शिवणकामावर घरखर्चाचा कांहीं भार उचलला होता. तें काम सुटलें तें सुटलेंच. येथें कोणी लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तोंडी आश्वासनानें मुदत वाढत नाहीं, हें त्या घरांत एकासही ठाऊक नव्हतें.

तीन वर्षें ही सर्वसाधारण मुदत झाली. आमच्या भिवंडीसारख्या गांवांत माणसास इजा होण्याच्या ज्या नित्याच्या वाटा आहेत, त्यांतील बऱ्याच वाटांस निरनिराळे कायदे व निरनिराळ्या मुदती आहेत. मुंबई-नाशिक महामार्ग आमच्या अंगणांतून गेल्यासारखा आहे. माणकोली, पूर्णा, काल्हेर या बाजूच्या गोदामांकडे रात्रंदिवस मालमोटारी धांवतात. मोटार-अपघाताच्या भरपाईचा अर्ज न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. १९८८ च्या कायद्यांत त्यास मूळची सहा महिन्यांची मुदत होती. १४ नोव्हेंबर १९९४ पासून ती काढून टाकण्यांत आली. पुढें २०१९ च्या दुरुस्तीनें पुन्हां घातलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें गेलें, आणि केवळ मुदतीच्या कारणावरून असे अर्ज तूर्त फेटाळूं नयेत, असा अंतरिम आदेश त्या न्यायालयानें नोव्हेंबर २०२५ मध्यें दिला. अंतरिम आदेश म्हणजे पावसांत घेतलेला वळचणीचा आश्रय होय. त्यास घर समजूं नये. शहाण्यानें सहा महिनेच आपले मानावे. अर्ज अपघात घडला त्या भागांतील, किंवा अर्जदार राहतो त्या भागांतील न्यायाधिकरणाकडे करतां येतो, ही सोय बाहेरगांवीं अपघात झालेल्यांनीं लक्षांत ठेवावी.

यंत्रमागावर बोटें गमावलेला कामगार आमच्या गांवास नवा नाहीं. त्याच्यासाठीं १९२३ चा भरपाईचा कायदा होता; त्यांत अपघातापासून, अथवा मृत्यूपासून, दोन वर्षांच्या आंत मागणी करावी असें होतें, व पुरेशा कारणानें उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांस होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेकडे गेला आहे. आगगाडीच्या प्रवासांत पडून इजा झाली, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षांत अर्ज करावयाचा असतो. तेथेंही सबळ कारणास्तव उशीर माफ होऊं शकतो.

सर्वांत आंखूड मुदत महानगरपालिकेविरुद्धच्या दाव्यांची आहे. महाराष्ट्र महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्याचें ४८७ वें कलम असें सांगतें कीं, कायद्याप्रमाणें केलेल्या अथवा करावयाच्या कृत्यांबद्दल पालिकेवर दावा करण्यापूर्वीं एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दाखल करावा. रस्त्यावरील खड्डे व उघडीं गटारें यांच्यापुरता मुंबई उच्च न्यायालयानें १३ ऑक्टोबर २०२५ रोजीं एक दिलासा दिला: अशा अपघातांत मृत्यु झाल्यास वारसांस सहा लाख रुपये, व इजा झाल्यास तिच्या मानानें पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, असें ठरविलें. तरीही अर्ज करणारानें स्वतः पुढें यावें हें बरें.

भिवंडीकर २१ सप्टेंबर २०२० ची पहांट विसरणार नाहींत. धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत झोंपलेल्या माणसांवर कोसळली, आणि सुमारें चाळीस जीव गेले. तो करोनाचा काळ होता. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेंतून वगळावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें दिला होता. म्हणून त्या पहांटेपासून सुरू व्हावयाचीं दोन वर्षें वस्तुतः १ मार्च २०२२ पासून मोजावीं लागलीं. परंतु ज्या घरांत मागें लहान मुलें व म्हातारीं माणसेंच उरलीं, तेथें हें गणित कोणी मांडावें? संकटांतील माणसास काळ नेहमींपेक्षां वेगानें जातो, हें कायद्यास दिसत नाहीं. तें शेजाऱ्यांस व नातलगांस दिसलें पाहिजे.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची, हाही प्रश्न सोपा नाहीं. गोव्यांतील एका परिचारिकेवर १९९३ च्या नोव्हेंबरांत मुंबईस पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. नऊ वर्षांनीं, २००२ सालीं, दुसऱ्या शस्त्रक्रियेंत पोटांतून जखम पुसावयाच्या जाळीदार कापडाचा गोळा निघाला. २००४ सालीं तिनें ग्राहक आयोगाकडे पन्नास लाखांची मागणी केली. ग्राहक कायद्याची मुदत दोन वर्षांची. गोळा सांपडला त्या दिवसापासून मोजावें, असें तिचें म्हणणें. ज्या इजेचा परिणाम रोग्यास कळणेंच शक्य नसतें, तेथें कळल्या दिवसापासून मोजावें, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें २०१० च्या निकालांत मानलें. पण जी स्वतः अनुभवी परिचारिका, जिला शस्त्रक्रियेनंतर वेदना होत होत्या, तिनें इतकीं वर्षें शोध कां घेतला नाहीं, असा प्रश्न करून तिची तक्रार मुदतबाह्य ठरविली. वेदना अंगावर काढणें हा आपल्याकडील स्त्रियांचा सद्गुण समजला जातो. त्या सद्गुणाचें मोल किती पडूं शकतें, तें या निकालावरून दिसतें.

लहान मुलांस मात्र कायद्यानें जुन्या स्मृतिकारांप्रमाणेंच अभय दिलें आहे. सहाव्या व आठव्या कलमांन्वयें दावा करण्याची मुदत मूल सज्ञान झाल्यावर सुरू होते. दहाव्या वर्षीं इजा झालेल्या मुलास एकविसावें वर्ष पुरें होईपर्यंत सर्वसाधारण दावा करतां येतो. तथापि त्यावर विसंबून स्वस्थ बसूं नये. मुलाचें वय वाढतें तसें साक्षीदाराचेंही वाढतें; आणि विशेष कायद्यांखालील अर्जांस ही सवलत लागूच पडेल, असें धरून चालूं नये.

आतां घरानें काय करावें? अपघात झाला त्याच आठवड्यांत एक वही घालावी. दिवस, वेळ, जागा, वाहनाचा क्रमांक व पाहणारांचीं नांवें तींत लिहावीं. पोलिसांतील फिर्याद, पंचनामा, रुग्णालयाचे केसपेपर, औषधांच्या पावत्या, बुडालेल्या पगाराचा दाखला हें सर्व एकाच पिशवींत ठेवावें. रोगी अंथरुणावर असतांच घरांतील एका जबाबदार माणसानें, शक्य तर पहिल्या महिन्यांतच, वकिलाकडे जावें. आणि मुदतीचा शेवटचा दिवस दिनदर्शिकेवर लाल शाईनें मांडावा. वकिलाची फी परवडत नसेल त्यांनीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें. १९८७ च्या कायद्यान्वयें स्त्रिया, मुलें, औद्योगिक कामगार व आपत्तिग्रस्त यांस विनामूल्य साहाय्य मिळतें. दावा मांडल्यावरही तडजोड होऊं शकते. किंबहुना ती तेव्हांच मनापासून होते.

कोर्टाची पायरी चढूं नये, ही वडिलांची शिकवण आम्हीही मानतों. पण ती शिकवण दुसऱ्याचें लुबाडूं पाहणाऱ्यास होती. आपल्या घरांतील जखमी सुनेचा किंवा पोरक्या नातवाचा न्याय्य वांटा मागावयाचा नाहीं, असा तिचा अर्थ नव्हे. संकोचानें गेलेला एकेक दिवस कर्त्या माणसाच्या खात्यावर पडत नाहीं. तो घरांतील सर्वांत दुबळ्या माणसाच्या खात्यावर पडतो. एवढें ज्या घरानें ओळखलें, तेथें ही वही वेळेवर उघडली जाईल.