नोंदवही ग्रामसभेच्या हाती द्यावी

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर

लोकजैवविविधता नोंदवही म्हणजे गावाने आपल्या परिसरातील जीवसृष्टीची आणि तिच्याविषयीच्या आपल्या ज्ञानाची करून ठेवलेली नोंद. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि समितीने लोकांशी बोलून ही नोंदवही तयार करायची. रानातून काय मिळते, कोण गोळा करते, काय कमी होत चालले आहे, हे तीत यावे आणि त्यावरून किती काढायचे, काय राखायचे हे गावाने ठरवावे, ही मूळ कल्पना. बरीच वर्षे हे काम रेंगाळले. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि ती चुकल्यास राज्यांना महिना दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मग देशभर घाई सुरू झाली. घाईने केलेल्या नोंदवहीत झाडांची यादी मिळते. तिच्यात तेंदू असतो. त्याच्या पानांसाठी रान पेटवले जाते, हे मात्र नसते.

नेमकी तीच गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने हेरली. २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून तेंदूची झाडे छाटली जातात, खाली आग लावली जाते. छाटलेल्या झाडाला फळ धरत नाही आणि आगीत इतर झाडांची रोपे करपून जातात. गावाने तेंदूपत्ता तोडणे थांबवले आणि जंगलाचा काही भाग पूर्ण राखून ठेवला. उन्हाळ्यात हाती येणारा रोख पैसा सोडणे हा मोठाच त्याग. पण तो झेपला, कारण बांबू विकण्याचा हक्क गावाकडे होता. हा हक्क नुसता कागदावर असून भागत नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाचा सुमारे १८०० हेक्टरवरील हक्क २००९ मध्येच मान्य झाला होता, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडले. परवाना नसेल तर कापलेला बांबू जंगलाबाहेर नेता येत नाही, मग हक्काला अर्थ उरत नाही. पोटाची सोय झाली की गाव जंगल राखते, आणि तेही वनरक्षकाच्या धाकाशिवाय.

अडचण रचनेत आहे. जैवविविधता समिती ग्रामपंचायतीची असते, तर वनहक्क कायद्याखालची समिती ग्रामसभेची. एका पंचायतीत अनेक गावे-पाडे येतात. त्यामुळे ज्या पाड्याने जंगल राखले त्याची माहिती दुसऱ्याच गावच्या कार्यालयातील कपाटात जाते आणि त्याच जंगलाचा व्यवस्थापन आराखडा तिच्याशी संबंध न ठेवता वेगळा होतो. जिथे सामूहिक वनहक्क मान्य झाला आहे तिथे मंडळाने नोंदवही ग्रामसभेकडून नव्याने करून घ्यावी, तिलाच आराखड्याचा पाया मानावा आणि दरवर्षीच्या बदलांच्या नोंदीसाठी निधी द्यावा. मोह, चारोळी, डिंक गोळा करणाऱ्या बायकांची माहिती त्यांच्याच तोंडून यावी. आज ती सर्वांत कमी येते. रानातला माल वापरणाऱ्या कंपन्यांकडून मिळणारा लाभाचा वाटा योग्य गावाला पोचवायचा, तर माल कुठल्या रानातला हेही नोंदवहीत असायला हवे.

जिथे वनहक्क नाही तिथेही गावाने राखलेल्या जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर होऊ शकतात. सिंधुदुर्गातील बांबर्डे येथील रानजायफळाच्या दलदलीला २०२१ मध्ये असा दर्जा मिळाला. देवराई म्हणून गावाने जपली, त्यामुळेच ती आजवर टिकली. अशा घोषणेमुळे ज्यांच्या उत्पन्नाला झळ बसते त्यांच्यासाठी भरपाईची किंवा पुनर्वसनाची योजना राज्य सरकारने आखावी, असे जैवविविधता कायद्याचे कलम ३७ सांगते. ती योजना अधिसूचनेसोबतच, मराठीतून, ग्रामसभेपुढे ठेवली जावी, अशी शिफारस मंडळाने सरकारला करावी.