वार्धक्याची वाट

दादरच्या शिवाजी पार्कवर सायंकाळी काठी टेकीत फेरी पूर्ण करणारे आणि मग कट्ट्यावर विसावणारे वृद्ध नित्य दिसतात. त्यांच्या पायांतील बळाचे श्रेय त्यांच्या नियमितपणास आहे, तसेच ते त्या कट्ट्यासही आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी करताना रुंद रस्ते व मोकळ्या जागा ही आरोग्याचीच साधने मानली. त्या दूरदृष्टीचे फळ आजही मिळत आहे.

परंतु शहरातील इतर वस्त्यांचे काय? पदपथ गुडघाभर उंच. त्यावर कसेबसे चढावे, तर पुढे दुचाकी उभी किंवा खड्डा खणलेला. रस्ता ओलांडण्यासाठी स्कायवॉक बांधले, तर त्यांचे जिने चढायचे कोणी? एकदा तोल गेला की वृद्ध मनुष्य घराबाहेर पडण्यास कचरतो. चालणे सुटते, स्नायू क्षीण होतात, आणि मग उंबरठाही डोंगर वाटू लागतो. घरची माणसे म्हणतात, 'वय झाले!' आमच्या मते, पुष्कळदा हा दोष केवळ वयाचा नसून रस्त्याचाही असतो.

जागतिक आरोग्य संघटना वृद्धांनाही आठवड्यास किमान १५० मिनिटे व्यायाम सांगते. पण तो करावा कोठे? पदपथ निदान १.८ मीटर मोकळा असावा व त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ सालीच सांगितले आहे. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याच्या हिशेबाने सिग्नल लावला, तर १८ मीटरचा रस्ता ओलांडण्यास १५ सेकंद मिळतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणारे आजोबा तेवढ्या वेळात १२ मीटरच जातात; उरलेले ६ मीटर त्यांनी कोणाच्या भरवशावर चालावे?

उड्डाणपुलांसाठी कोट्यवधी रुपये उभे करणाऱ्या महापालिकेस सलग पदपथ, थोड्या थोड्या अंतरावर बाक, स्वच्छ शौचालये व सिग्नलला काही अधिक सेकंद देणे अशक्य आहे, असे आम्ही मानीत नाही. प्रत्येक प्रभागाच्या अभियंत्याने एखाद्या वृद्ध नागरिकासोबत घरापासून भाजीबाजारापर्यंत एकदा पायी जावे आणि वाटेत जेथे जेथे त्यांस थांबावे लागेल, तेथून कामास प्रारंभ करावा, एवढीच आमची मागणी आहे. हे काम केवळ आजच्या वृद्धांसाठी नाही. त्या वाटेने उद्या आपणा सर्वांनाच जावयाचे आहे.