उन्हात बसायला निमित्त हवं!

मैत्रिणींनो, आमच्या अंबाडीची थंडी ती केवढी! निफाडच्या भगिनी तर हसतीलच. इथे दुपारी पंखा लावावा लागतो. पण जानेवारीच्या मध्यावर सूर्य उगवायला सव्वासात होतात आणि दुपारचा चहा होतो न होतो तोच दिवेलागण. एवढं कारण अंथरुणात पडून राहायला पुरतं, बरं का!

माझंच सांगते. गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ लेकीचं. घर रिकामं झालं. ‘थंडी आहे’ म्हणून मी आठ-आठ वाजेपर्यंत गोधडीत, दार लोटलेलं, स्वयंपाक एकदाच. यांनी विचारलं की, ‘गुडघे धरलेत’ म्हणायची. खरं म्हणजे कुणाशी बोलावंसंच वाटत नव्हतं.

एके दिवशी शेजारच्या काकूंनी जुन्या लुगड्यांचं बोचकं माझ्या ओट्यावर आणून टाकलं. ‘सुईत दोरा ओवता येत नाही गं आता, एवढं करून दे.’ ओवून दिला, आणि बसले ती बसलेच. आठवड्याभरात आम्ही चौघी झालो. संक्रांतीच्या आत गोधडी पुरी!

तुम्हीही करून बघा. सुती पातळं धुऊन, कडक वाळवून घ्यावीत. विरलेली आत, मऊ आणि धड वर. आधी चारी बाजूंनी कच्चा टाका घालावा, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेकडून आत धावदोरा. अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालावं, नाहीतर कंबर बोलते! फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्चीवर चटई टाका.

सकाळच्या उजेडात थोडं फिरलं की रात्री झोप वेळेवर लागते. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी मात्र कोवळं ऊन पुरत नाही, दहानंतरचं हवं; आणि तेही अंगावर. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही.

गोधडी झाल्यावर आम्ही चौघी अकलोलीच्या गरम कुंडांवर जाऊन आलो. वज्रेश्वरीच्या देवीचं दर्शनही झालं. कुंडात उतरण्याआधी पाणी हाताने पाहावं. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्यात उतरू नये.

आणि एक. दोन आठवडे उलटूनही उदास वाटत असेल, झोप नि भूक उडाली असेल, तर ‘थंडीचं आहे’ म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही फुकट सेवा आहे; १४४१६ हा नंबर फिरवला की मराठीतून बोलता येतं. मी त्या वेळी गुडघ्यांवर तेल चोळत बसले होते!

ती गोधडी लेकीकडे गेली. यंदा काकूंनी दुसरं बोचकं काढलंय. दोरा अजून मीच ओवते.